गाडीचा ताप

उखर्डू आबा गाडीत सर्वांत शेवटी चढत आणि चढल्यावर बोटाच्या पेराने टपावर आतून दोनदा ठोकत. म्हणजे चला. एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण दोन ठोके न पडता सुटणारी गाडी त्यांना बेवारस वाटे. आमचा ड्रायव्हर कैलास सुरुवातीला हसायचा. पुढे तोही गाडी चालू ठेवून त्या ठोक्यांची वाट पाहू लागला.

धरणगावहून जळगावला डायलिसिससाठी जाणाऱ्या आम्हा पाच-सहा जणांची ही गाडी. आठवड्यातून दोनदा सकाळी निघायचं, मशीनला रक्त धुवायला द्यायचं, ते परत घ्यायचं आणि पिळलेल्या फडक्यासारखं घरी यायचं. मी शाळेत मराठी शिकवत असे. ‘जीवन’ या शब्दाचा एक अर्थ पाणी, असं मुलांना मोठ्या रंगात येऊन सांगत असे. आता तेच पाणी कपाने मोजून पितो.

पहिल्या दिवशी आबांनी मला विचारलं, “सर, मशीनवर कितला दिन झायात?”

“दोन महिने.”

“मंग तुम्ही नवा शेतस. खिडकी ल्या. आमले आते बाहेर देखाना कटाळा येस.”

गाडी वापरलेली होती. आधी ती कुणाच्या तरी प्रचारात भोंगे लावून फिरली, मग एका मंडपवाल्याकडे गेली. तिथून ती गावातल्या अण्णासाहेबांनी घेतली, पांढरी रंगवली आणि आम्हाला अर्पण केली. लोकार्पणाच्या दिवशी भाषणकर्ते मांडवात होते आणि रुग्ण उन्हात. टपावर अण्णासाहेबांचा हात जोडलेला फोटो होता आणि त्याभोवती लुकलुकणारे दिवे. दिवे भर दुपारीही चालू असत. जळगावच्या उन्हात ते कुणाला दिसावेत अशी अपेक्षा होती, हे मला कधी कळलं नाही.

भोंग्यांसाठी मधल्या सीटखाली एक जादा बॅटरी बसवलेली होती. भोंगे गेले, बॅटरी राहिली, आणि अण्णासाहेब तिच्यावर लुकलुकू लागले. ती सीट रुंद, म्हणून तिच्यावर सिंधूअक्का बसत. अक्का पिंपात कपडे भरावेत तशा सुजलेल्या असत, पण तोंडाने खणखणीत. त्या काही दिवसांपासून म्हणत होत्या, “जाताना आंग तापस मनं.” मग पिशवीतून तापाची गोळी काढून गिळत. दवाखान्यात नर्स थर्मामीटर लावी तेव्हा ताप नसे. गोळी लागू पडली, असं सगळ्यांनाच वाटे.

एके सकाळी जाताना पाळधी गाव मागे पडलं होतं. रबर जळाल्यासारखा वास आला आणि टपावर ठोका पडला. एकच.

“कैलास, बाजूले ले. उतरा, बठ्ठा जन उतरा. पिशव्या राहू द्या.”

अक्का पिशवी शोधू लागल्या. “मना चष्मा शे त्यामा.”

“चष्मा लायीसन काय देखशी? तेच मशीन शे. उतर पहिले.”

आम्ही उतरलो. पळण्याची ताकद कुणातच नव्हती, त्यामुळे धावपळ झाली नाही; एखादा स्टॉप आल्यासारखे आम्ही एकामागून एक उतरून बाभळीखाली उभे राहिलो. कैलासने सीट उचलली. धूर निघाला. त्याने पाना घालून बॅटरीची तार सोडवली आणि धूर हळूहळू विरला. तारेवरचं प्लास्टिक वितळून उघडं तांबं सीटच्या लोखंडी पायाला टेकत होतं. मधे फ्यूज नव्हता. बॅटरी नायलॉनच्या दोरीने बांधली होती. सीटचा फोम खालून काळा पडला होता. हा काळेपणा एका सकाळचा नव्हता.

अक्कांनी त्या फोमला हात लावला. मग म्हणाल्या, “म्हंजे ताप माले नव्हताच?”

आजारी माणसाला एक सवय लागते. जिथे काही बिघडेल ते आपल्याच अंगात बिघडलं असणार, असं तो धरून चालतो. बाकीच्या जगाची तब्येत त्याला ठणठणीत वाटते.

त्या दिवशी आम्ही रिक्षा करून जळगावला पोचलो. कैलासने गाडी वायरिंगवाल्याला दाखवली. तो म्हणाला, सगळी वायरिंग उपटून नवी टाकावी लागेल, गाडी काही दिवस उभी करा. अण्णासाहेबांच्या माणसाने मात्र ठरवलं की टेप गुंडाळली की पुरे. टेप गुंडाळली गेली. दिवे पुन्हा लागले.

आबा त्या गाडीत बसले नाहीत. मला घेऊन ते अण्णासाहेबांकडे गेले. मला कशासाठी, असं विचारलं तर म्हणाले, “तुम्ही शुद्ध बोलतस.” तिथे मला एक शब्दही बोलावा लागला नाही.

अण्णासाहेबांनी चहा मागवला. आम्हाला चालत नाही हे आठवून परत पाठवला. “आबा, जुन्या गाडीचं थोडंफार चालायचंच. बाकी कोणाची तक्रार नाही.”

“तक्रार कोन करी? तुमनी गाडीना तापनी गोळी सिंधूअक्का खाई राहिनी व्हती.”

“आता या वयात मरणाला काय भ्यायचं?” अण्णासाहेब हसून म्हणाले.

“मराले कोन भेस? आमना नंबर लागेल शे,” आबा म्हणाले. “तुमनी गाडी रांग मोडी राहिनी, इतलंच.”

अण्णासाहेबांचं हसणं तिथेच थांबलं. “ठीक आहे. मग उभीच करतो गाडी.”

हे चूक कबूल करणं नव्हतं, रागाने गाडी काढून घेणं होतं, हे आम्हा दोघांनाही कळलं. आबा म्हणाले, “करा.”

जिन्यात मी विचारलं, “आबा, परत निघेल का ती?”

“माले काय माहीत,” आबा म्हणाले आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत राहिले.

गाडी उभी राहिली, आणि ती किती दिवस उभी राहणार हे कुणी सांगेना. आम्ही एस.टी.ने जाऊ लागलो. मशीनवरून उठलेल्या माणसाला एस.टी.ची पायरी किती उंच असते, हे बाहेरून कळत नाही. अक्कांना ती चढता आली नाही. त्यांची डायलिसिसची एक पाळी चुकली. पाय सुजले, मग धाप लागली, रात्रभर बसून काढावी लागली. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा आबांच्या ओट्यासमोर उभा राहून चारचौघांत म्हणाला, “चालू गाडी व्हती. तुमले कोन सांगेल व्हतं हाऊ शहाणपणा?”

पुढच्या पाळीला रिक्षा घेऊन आबा अक्कांच्या दारात गेले. अक्का रिक्षात बसल्या, पण आबांशी बोलल्या नाहीत. नंतरही नाहीत. त्या संध्याकाळी आबा मला म्हणाले, “सर, गाडी जळती ते मी बरोबर व्हतू. जळनी नही, म्हनीसन मी चुकनू.”

 

शेवटी गाडी निघाली. अण्णासाहेबांना कुणी सांगितलं, की लाज वाटली, की उभ्या गाडीवर फोटो धूळ खातो हे लक्षात आलं, कोण जाणे. वायरिंग नवी होती, प्रत्येक तारेला फ्यूज होता, बॅटरी सीटखालून काढून मागे लोखंडी पेटीत घट्ट बसवली होती. टपावरचा फोटोचा बोर्ड पहिल्यापेक्षा मोठा होता. पुन्हा नारळ फुटला. रुग्णांच्या सुरक्षेचा विचार आपल्या मनात किती दिवसांपासून होता, हे अण्णासाहेबांनी माइकवरून सांगितलं. आबांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं तर म्हणाले, “टाळ्या वाजाडाले काय जास? तार नवी शे ना.”

मग थंडी पडली. एके सकाळी आबा गाडीत माझ्या शेजारी बसले आणि त्यांनी मनगट पुढे केलं. “सर, देखा बरं.”

मनगट पोळत होतं. मी म्हणालो, “ऊन येतंय तुमच्या बाजूने.”

पुढच्या सीटवरून अक्का वळल्या. इतक्या दिवसांत त्या आबांशी पहिल्यांदा बोलल्या. “गोळी देऊ का, आबा?”

“नको, अक्का. तार नवी शे. हाऊ ताप मनाच शे, त्याले दाबाना नही. डाक्टरले देखू दे.”

जळगावला पोचल्यावर मशीन लावण्याआधीच त्यांनी नर्सला स्वतः सांगितलं. रक्तात संसर्ग होता. त्यांना ठेवून घेतलं. आम्ही निघताना ते कैलासला एवढंच म्हणाले, की माझ्यासाठी थांबू नको, अक्काला अंधाराच्या आत घरी सोड. आठवड्याभराने ते दवाखान्यातच वारले. ताप त्यांचाच होता; त्यांचं तेवढं निदान बिनचूक होतं.