आधी कान

मेडिकल कॉलेजात बायोइन्फर्मॅटिक्सच्या प्रकल्पासाठी मी जनुकांच्या A, T, G, C अक्षरांचे छापील कागद ताडून बघत असे. एकदा पोलादपूरच्या एसटीत शेजारी डोंगरावरच्या धनगरवाड्यातली एक मावशी बसली. तिला वाचता येत नव्हतं. तरी तिचं बोट माझ्या कागदावरच्या दोन ओळींवरून झरझर फिरलं आणि एका जागी थांबलं.

"हितं येगळं हाय."

सकाळपासून मी तीच जागा शोधत होतो!

"कसं कळलं, मावशी?"

"बकऱ्या मी मोजत नाय. कळपात परकी कंची घुसली, ती बघते." मग खळखळून हसली. "पन बकरीला ताप हाय का, ते लांबून नाय कळत रे. कान धराय लागतो."

पुढे मी डॉक्टर झालो. अजूनही रिपोर्ट नंतर उघडतो. आधी पेशंटचा हात धरतो, आणि लहान मूल असलं तर कान.