उशीची तपासणी

छातीच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ आले. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधलेली उशी. बसण्याआधी त्यांनी खुर्ची हुंगली, मग माझी कापडी पिशवी. मला माणूस ठीक वाटेना. मी जरा लांब सरकलो.

"मुंबईला लेकाकडे असतो तेव्हा खोकला नाय," ते आपणहून म्हणाले. "रत्नागिरीत येऊन या उशीवर डोकं टेकलं की सुरू. बुरशी धरलीय हिनं. मग तपासायचं कोणाला, मला की हिला?"

नंबर लागला तसे ते उशी कवटाळून आत गेले. मला हसू आलं, आणि हसता हसता खोकला. साताऱ्याला बहिणीकडे होतो तेव्हा मी एकदाही खोकलो नव्हतो.

घरी बायकोनं विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

मी माझी उशी हुंगली. बायको जरा लांब सरकली.