बाहेरचा मेंढा

माझी बायको आसावरी मूळची जतची. चंदीगडच्या प्रयोगशाळेत मेंढ्यांचं रक्त तपासण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. शहराबाहेरच्या एका फार्मवर दुर्मीळ जातीचा छोटा कळप आहे. तिथली कोकरं अशक्तच जन्मायची, निम्मी दगावायची. आसावरी घसा कोरडा करून सांगायची, "सगळी एकाच रक्ताची झालीत. बाहेरचा मेंढा आणा." फार्मचे साहेब मान डोलवायचे आणि बदली होऊन जायचे.

शेवटी यंदा दूरच्या फार्मवरून मेंढा आला. साहेबांनी हार घातला, फोटो काढले. "आधी रक्त तपासू द्या, मग कळपात सोडा," आसावरी म्हणाली. कोण ऐकतंय!

काल निकाल आला. पूर्वी इथूनच तिकडे पाठवलेल्या मेंढ्याचा हा नातू.

तिने फार्मवरच्या गुरमेलला फोन लावला. ती काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "बधाई हो मॅडमजी, सारी भेडें गाभिन हैं! और बदले में हमारे दो मेंढे उन्हें भेज दिए. ट्रक सुबह निकल गया."

आसावरीने फोन ठेवला.

"आता त्यांचे नातू इकडे येतील," ती म्हणाली. "तोवर मी रिटायर झालेली असेन. चहा टाक."