धाकटीचं नाव

मंडळी, घरी आल्यापासून मन लागत नाही, म्हणून आपल्या ईमेल गटावर लिहितेय. मी सुरतेत एका दवाखान्यात काम करते. डोक्याला मार लागलेल्यांची स्मरणशक्ती तपासते.

आज सुरतेतल्याच बमरोली भागातून भिकनभाऊ आणि कडेवर धाकटी मुलगी घेऊन त्यांची बायको कल्पनाबाई आले होते. मूळचे धुळ्याकडचे. भिकनभाऊ लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, कारागीर. गेल्या वर्षी टेम्पोची धडक बसून ते बरेच दिवस बेशुद्ध होते.

"आता बरे झालेत, ताई. कामावर घ्यायला हरकत नाही, एवढं लिहून द्या," कल्पनाबाई म्हणाल्या.

मी काहीही विचारलं की भिकनभाऊ बायकोकडे बघायचे. महिना कोणता, सकाळी काय खाल्लं, सगळं त्या हळूच पुटपुटायच्या आणि ते तेच म्हणायचे. शेवटी मी कल्पनाबाईंना बाहेर बसायला सांगितलं.

मग भिकनभाऊंना एकही उत्तर देता येईना. त्यांची धाकटी मुलगी अपघातानंतर जन्मलेली. मी तिचं नाव विचारलं.

"कोणाची मुलगी?" ते हसून म्हणाले.

कल्पनाबाई त्या मुलीला कडेवर घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं.

"म्हणजे इतके दिवस घरात मी एकटीच बोलत होते का, ताई?"

लूमवर पाठवू नका, रोजचा क्रम बांधून द्या, दर आठवड्याला या, असं मी सांगत राहिले. त्या मान हलवत होत्या.

तुमच्यापैकी कुणी घरात असं माणूस सांभाळलं आहे का? सोमवारी त्या परत येतील. त्यांना काय सांगू?