खाचरातली माती

सख्ख्या बहिणीला कधी विष भेट दिलंयत तुम्ही? कपाळाला आठ्या घालू नका. टोमिएलाही आपण तसं केलंय हे ठाऊक नव्हतं.

यामागाताच्या भातपट्ट्यात तिची तीन खाचरं. धाकटी हात्सुए वर डोंगरात दिलेली. तिथं नुसत्या काकड्या. दरवर्षी कापणी झाली की हात्सुए खाली यायची आणि थोरलीच्या खाचरातली माती दोन गोण्या भरून न्यायची. पाण्याखाली राहिलेल्या मातीत काकडीचा मर रोग टिकत नाही, म्हणून रोपांना तीच माती.

त्या उन्हाळ्यात भातावर करपा आला. सोसायटीच्या माणसानं दाणेदार औषध दिलं. म्हणाला, "काकू, पंधरवड्यात चिखलच खाऊन टाकतो हे."

खोटं नव्हतं. पण चिखल पाण्याखाली असला तर! ते कोण सांगणार? चारच दिवसांनी टोमिएनं रिवाजाप्रमाणे पाणी काढलं, मुळं घट्ट धरावीत म्हणून. बाकीचे आठवडाभर वाळवतात. हिला भेगांचा भारी अभिमान. हिनं तीन आठवडे वाळवलं, नंतरही पाणी जेमतेम ओलीपुरतंच दिलं. "टोमिएच्या खाचरातून नवरी पांढरे मोजे घालून जाईल," अशी गावाची थट्टा.

भात झकास आलं. माती डोंगरावर गेली.

वसंतात हात्सुए आली ती हातात रोप घेऊन. पानं मुठीसारखी वळलेली.

"ताई, काय घातलंस यात?"

"अगं, मी काय घालणार? नेहमीचीच माती."

"नेहमीची म्हणे! सहाशे रोपं गेली. ठेव तुझी माती तुलाच, आणि मिरव तिच्या भेगा!"

टोमिएनं पुढे केलेला चहा तसाच निवला.

टोमिए माती आणि उरलेलं औषध घेऊन तपासणी केंद्रात गेली. तिथल्या बाईनं खाचरातल्या मातीत तेच औषध मिसळून दोन बरण्या ठेवल्या. एक पाण्यानं भरलेली, एक कोरडी. पाण्यातलं विरलं. कोरडीतलं जवळपास तसंच. भाताला ते चालतं, काकडीला तेच विष. तो कागद घेऊन टोमिए डोंगर चढली. दाराला कुलूप.

शेजारीण म्हणाली, "शहरात कारखान्यात गेली. पत्ता कुणाला देऊ नका म्हणाली. तुम्हाला तर मुळीच नाही."

मरेपर्यंत टोमिए एकच म्हणायची, "वाळवलं मीच ना." नाही हो! तिला अर्धंच सांगितलं होतं. तुमच्या बांधावर कुणी औषध घेऊन आला, तर त्याला तिथंच थांबवा. ओल्या चिखलात ते किती दिवस टिकतं आणि सुक्यात किती, दोन्ही त्याच्याकडून लिहून घ्या.