मी मारलेला ड्रॅगन

दुसरा भाग पहिल्यापेक्षा जाड निघाला. त्याच्या पहिल्याच पानावर तो म्हातारा ड्रॅगन शेकोटीपाशी बसून खोकत होता, आणि मी वाचता वाचता थांबले. कारण पहिल्या भागात मी त्याला मारून टाकलं होतं.

लेखकाने नाही, मी. दर शनिवारी दुपारी मी टिटवाळ्याहून कोपरीला आईकडे जाते आणि तिला वाचून दाखवते. तिचा डावा डोळा गेलाय. उजव्याने माणसं, झाडं दिसतात, अक्षरं नाहीत. त्यामुळे वर्तमानपत्र, सोसायटीची नोटीस, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, डोळ्यांच्या डॉक्टरांचा रिपोर्ट, सगळं तिला माझ्या तोंडूनच कळतं. माझ्यावर विश्वास ठेवला नाही तर ती जाणार कुठे. ही पुस्तकांची मालिका इंग्रजीत, म्हणून मी वाचता वाचता मराठी करते. जुन्या काळातल्या एका सम्राटाचं टपाल ड्रॅगन पोचवतात, अशी गोष्ट. आईचा सगळा जन्म टपाल खात्यात गेलेला, त्यामुळे तिला दुसरं पुस्तक नकोच होतं.

लेखकाला पानं भरायची भारी हौस. एक डोंगर ओलांडायला त्याच्या ड्रॅगनांना सहा प्रकरणं लागतात. शहाडच्या पुलावरच्या कोंडीतून रिक्षा त्याहून लवकर सुटते. प्रत्येक मुक्कामाला सूप आणि प्रत्येक सुपाचं वर्णन. त्यात आईच्या शंका. "रजिस्टर टपाल असं अंगणात टाकून उडून जातो? सही कोण घेणार?" शेवटची दोनशे पानं उरली तेव्हा माझा धीर सुटला. मी म्हाताऱ्याला वादळात घातलं, समुद्रात बुडवलं, त्याच्या बायकोला किनाऱ्यावर यथेच्छ रडवलं आणि "संपलं" म्हणून पुस्तक मिटलं. आई त्या दिवशी चहा प्यायली नाही. मला वाईट वाटलं, पण थोडा अभिमानही वाटला. असं मरण त्या लेखकाला सात जन्मांत लिहिता आलं नसतं.

आता हा खोकत बसलेला. खरं सांगून टाकावं असं मनात आलं. पण मग मी वाचलेलं काहीच तिला खरं वाटणार नाही, या भीतीने धीर झाला नाही.

"म्हाताऱ्याचा धाकटा भाऊ शेकोटीपाशी खोकत होता," मी वाचलं.

"पहिल्या भागात भाऊ कुठे होता?"

"आता आलाय. म्हाताऱ्याच्या जागी लागलाय."

"अनुकंपा तत्त्वावर? अगं, भावाला घेतात ते मेलेला बिनलग्नाचा असेल तर. याची बायको तर ढसाढसा रडत होती."

ड्रॅगनांना सरकारी नियम लागू नसतात, असं मी सांगितलं आणि घाईघाईने पान उलटलं. तिथे तीच बायको वाडगा घेऊन उभी. पुढचं वाक्य माझ्या तोंडून आपसूक मराठीत आलं, "अहो, सूप गार होतंय."

"दिराला अहो म्हणते?" आईने विचारलं.

मी स्वतः इतकी वर्षं संसार केल्यावर बायकोचं नवऱ्याशी बोलणं माझ्या तोंडून 'अहो'नेच निघतं, त्याला मी काय करणार.

"तो मेलाच नव्हता ना?" आई म्हणाली.

"नाही."

"तूच मारलास."

"कंटाळा आला होता गं, आई."

ती रागावेल असं वाटलं, पण ती रागावली नाही. पोस्टाच्या काउंटरवर अपुरा पत्ता घेऊन आलेल्या माणसाशी बोलायची त्याच कोरड्या आवाजात म्हणाली, "आणि माझ्या डोळ्याचा रिपोर्ट? त्यात कोणाला जिवंत ठेवलंस?"

मला खोटं सुचेना. मी उठून कपाटातली फाईल काढली आणि रिपोर्ट पहिल्या ओळीपासून वाचला. उजव्या डोळ्याची उरलेली नजरही काही महिन्यांत जाईल, हे वाक्य मी दोन महिन्यांपूर्वी गिळलं होतं. ते वाचताना मला रडू आलं, तिला नाही.

तिने उठून खुर्ची खिडकीकडे, बाहेरच्या झाडांकडे वळवली.

"हे तेव्हाच सांगितलं असतंस," ती म्हणाली, "तर दोन महिने मी ड्रॅगन ऐकत बसले नसते. बघत बसले असते."