शालिकभाऊंचे कवेलूवाले मासे

पांढुर्ण्याच्या शाळेत दुसरा तास चालू असताना निरोप आला, सौंसरचे शालिकभाऊ गेले. खडू हातातच राहिला... त्याला आता महिना होईल.

भाऊ तहसीलमध्ये बाबू, मी विज्ञानाचा मास्तर. चार वर्षांपूर्वीपर्यंत सौंसरला आम्ही शेजारी होतो. काचेच्या टाकीत मासे पाळायचा त्यांना भारी नाद. एकदा नागपूरहून त्यांनी बोटाच्या दोन पेरांएवढे तीन मिशीवाले मासे आणले. नाव दुकानदारालाही ठाऊक नव्हते. मला विचारले, तर मी दारातूनच निकाल दिला, "टेंगऱ्याची पिल्लं हायेत. मोठी झाली का बाकीच्याईले गिळतीन." मास्तरच तो, न पाहता बोलायची खोड! कुसुमवहिनी घाबरल्या. त्यांच्या सांगण्यावरून भाऊंनी दोन मासे रामाकोना गावाकडे नेऊन कन्हान नदीत सोडले. तिसरा दगडाआड दडला, हाती लागला नाही.

त्या एकाला ते आठ दिवस भिंगातून पाहत बसले. मग मला हात धरून घेऊन गेले. "मास्तर, टेंगऱ्याचं आंग गुळगुळीत ऱ्हायते. याच्या कुशीले पाहा, कवेलू रचल्यावानी दोन रांगा हायेत. अन् मिशा केवढ्याशा! हा टेंगरा नोहे." खरेच, छपरावरच्या कौलांसारख्याच एकावर एक चढलेल्या कडक पट्ट्या होत्या त्या. पुढे नागपूरला एका पुस्तकात चित्र सापडले. कोरीडोरस, दक्षिण अमेरिकेतला. वाळू हुंगत किडे वेचणारा, थव्याने राहणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. माझ्या तोंडापायी दोन जीव परक्या नदीत गेले होते. भाऊ एवढेच म्हणाले, "जाऊ द्या जी. आता याले सोबत आणू."

त्यांनी आणखी पाच आणले. रोज गांडुळाचे बारीक तुकडे करून तळाशी सोडायचे. एकच ध्यास, यांची अंडी एकदा डोळ्यांनी पाहायची. ती काही त्यांना दिसली नाहीत.

परवा सौंसरला गेलो. वहिनी ओला फडका घेऊन टाकीपाशी उभ्या होत्या.

"जयभीम, मास्तर. काचेले काहीतरी घाण चिकटली. पुसून टाकू?"

'टाका' अगदी ओठांवर आले होते... गिळले. "थांबा वहिनी, पाहू द्या."

मोहरीएवढे फिकट पिवळे दाणे. प्रत्येकात बारीक काळे ठिपके, आणि आत काहीतरी वळवळत होते.

"काय हाय जी?"

"अंडी हायेत, वहिनी. भाऊ ज्याची वाट पाहून राहिले होते, तेच."

वहिनींनी फडका खाली ठेवला आणि काचेजवळ गुडघे टेकून पाहत बसल्या.